बी६५० बोर्डवरचा २.५ गिगाबिट लॅन पोर्ट: काही महिन्यांच्या वापरानंतर

विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि जुना प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही म्हणून अनेकांनी बोर्ड, प्रोसेसर, रॅम असा सगळा संचच बदलला. त्यातल्या बऱ्याच बी६५० बोर्डांवर (एएमडी प्रोसेसरसाठीचे मदरबोर्ड) रिअलटेकची आरटीएल८१२५ ही लॅन चिप, म्हणजे वायरने नेट जोडणारी चिप, असते. काही महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर या पोर्टबद्दल मत चांगलंच आहे. त्रास होतो तो पहिल्या दिवशी, आणि त्यात पोर्टचा दोष क्वचितच असतो.

आधी पोर्टजवळचे दिवे बघा. केबल लावूनही अंधार असेल तर केबल, राउटरचं पोर्ट किंवा बायोसमध्ये (बोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) बंद ठेवलेला ऑनबोर्ड लॅन यांपैकी काहीतरी आहे. दिवा पेटतोय पण विंडोजला नेटवर्क कार्डच दिसत नसेल, तर ड्रायव्हर नाही. विंडोजच्या बऱ्याच इन्स्टॉलरमध्ये या चिपचा ड्रायव्हर नसतो आणि विंडोज ११ सेटअपच्या वेळी नेट मागतं. सोपा उपाय म्हणजे अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करणं. त्याला सहसा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. शक्य असेल तर जुना पीसी उघडण्यापूर्वीच बोर्ड कंपनीच्या साइटवरून लॅन ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा.

यापुढचा टप्पा आपल्याकडे सर्वांत जास्त लोकांना अडवतो. ड्रायव्हर आहे, दिवा आहे, पण नेट नाही. कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग चालवून पत्ता बघा. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता म्हणजे समोरून आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) मिळालाच नाही. केबलवाल्याची वायर राउटरशिवाय थेट पीसीला येत असेल, तर बहुधा तुमचं खातं जुन्या बोर्डच्या मॅक पत्त्याला (नेटवर्क कार्डच्या ओळख क्रमांकाला) बांधलेलं असतं. नवा बोर्ड म्हणजे नवा मॅक, त्यामुळे सर्व्हर ओळख देत नाही. पीपीपीओई जोडणी (युजरनेम-पासवर्ड टाकून सुरू होणारी) असेल तर अशा वेळी बरेचदा एरर ६९१ दिसतो, युजरनेम आणि पासवर्ड अचूक असले तरी. एरर ६५१ आला तर मात्र पलीकडून उत्तरच येत नाहीये, म्हणजे वायर किंवा लाइन तपासा. केबलवाल्याला फोन करून "मॅक रीसेट करून द्या" एवढंच सांगावं, काम मिनिटांत होतं. रविवारी कुणी फोन उचलत नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डच्या प्रॉपर्टीजमधल्या ॲडव्हान्स्ड टॅबवर 'नेटवर्क ॲड्रेस' हा पर्याय असतो. तिथे जुना मॅक डॅश किंवा कोलन न घालता सलग १२ अक्षरांत टाका. जुना मॅक मिळवायची खात्रीची जागा म्हणजे जुना बोर्ड. म्हणून तो विकण्याआधी नोंद करून ठेवा. दोन्ही मशिन्स एकाच नेटवर्कवर असताना हा उपाय करू नका.

मध्ये राउटर असेल तर बाहेरून राउटरचाच मॅक दिसतो, त्यामुळे हा प्रश्न येत नाही. पण राउटरमध्ये पीसीसाठी ठराविक आयपी राखून ठेवला असेल तर ती नोंदही जुन्या मॅकवरच असते. नेट चालतं आणि शेअर केलेला प्रिंटर गायब होतो, त्याचं कारण हे.

वेगाबद्दल. चाचणीत आकडा ९४-९५ एमबीपीएसवर अडकला असेल आणि प्लॅन त्याहून मोठा असेल, तर लिंक (पोर्ट आणि समोरच्या उपकरणातली जोडणी) १०० एमबीपीएसवर बसली आहे. १०० ला चार तारा पुरतात (पिन १, २, ३ आणि ६), गिगाबिटला आणि २.५ गिगाबिटला आठही लागतात. जुन्या कार्डावर वर्षानुवर्षे १०० वर चाललेली केबल नव्या पोर्टवर उघडी पडते. क्रिंपिंग करताना (तारा कनेक्टरमध्ये दाबून बसवताना) निळी किंवा तपकिरी जोडी नीट न बसणं हे नेहमीचं. तारांची पीळ कनेक्टरपाशी अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नका. आणि बाजारातली स्वस्त, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल घेऊच नका. ती दोन-तीनदा वाकली की तार आतून तुटते आणि बाहेरून काहीच कळत नाही. अस्सल तांब्याची कॅट ५ई घरातल्या अंतराला २.५ गिगाबिट आरामात पेलते. कॅट ८ च्या नावाखाली पैसे उडवायची गरज नाही.

महिन्याभराने सुरू होणारी तक्रार वेगळी: मधूनच दोन-तीन सेकंद लिंक जाते, व्हिडिओ कॉल गोठतो. केबल बदलूनही हे थांबत नसेल तर ॲडव्हान्स्ड टॅबवर 'एनर्जी एफिशियंट इथरनेट' आणि 'ग्रीन इथरनेट' बंद करा, पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवण्याची खूण काढा. तरीही चालू राहिलं तर 'स्पीड अँड ड्युप्लेक्स' १ गिगाबिट फुल ड्युप्लेक्सवर ठेवून दोन दिवस बघा. १०० वर जबरदस्तीने बसवू नका, त्याने दोष झाकला जातो.

लिनक्स वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. नवं ग्राफिक्स कार्ड किंवा एनव्हीएमई एसएसडी घातली तरी पीसीआयचे (बोर्डवरच्या कार्डांच्या जागांचे) क्रमांक सरकू शकतात आणि लॅनचं नाव ईएनपी३एस० वरून ईएनपी४एस० होऊ शकतं. नेटप्लॅनच्या (उबंटूसारख्या लिनक्समधल्या नेटवर्क सेटिंगच्या) फाइलमध्ये जुनं नाव असेल तर जोडणी येत नाही. नावाऐवजी मॅकने जुळवणी लिहा. ड्युअल बूटमध्ये विंडोजनंतर लिनक्सला लॅन दिसत नसेल तर विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा, एसएमपीएसचा (पीसीला वीज देणाऱ्या डब्याचा) स्विच बंद करून पॉवर बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा.

२.५ गिगाबिटसाठी बोर्डवर वेगळे पैसे मोजावेत का? ३०० एमबीपीएसच्या प्लॅनवर काडीचाही फरक पडत नाही. घरात नॅस (नेटवर्कवरून फाइल साठवायचं उपकरण) असेल आणि राउटर किंवा स्विचलाही २.५ चं पोर्ट असेल, तर मोठ्या फाइलची कॉपी सेकंदाला सुमारे ११० मेगाबाइटवरून २८० च्या आसपास जाते. तेही नॅसची डिस्क तेवढा वेग देत असेल तरच.