मराठी साइटवर गूगल ॲडसेन्स: लावा, पण ऑटो ॲड्स बंद करून

निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेले लोक मोकळे. मराठी साइट असेल, मजकूर स्वतः लिहिलेला असेल आणि थोडेफार वाचक असतील तर ॲडसेन्स, म्हणजे आपल्या साइटवर जाहिराती दाखवून त्यातला वाटा आपल्याला देणारी गूगलची सेवा, बिनधास्त लावा. फुकट आहे, हिशोब सरळ आहे, पैसे ठरल्या वेळी निघतात. पाचपैकी साडेतीन स्टार. उरलेला दीड कुठे गेला ते खाली येईलच. पण "घरबसल्या महिना पन्नास हजार" छापाचे व्हिडिओ बघून आला असाल तर आधी एक कप चहा घ्या आणि मग वाचा.

माझी साइट म्हणजे रेसिप्या, सणवार, उपवासाचे पदार्थ, संकष्टीचा चंद्रोदय असला सगळा मामला. त्यामुळे मी सांगते ते अशा साइटला लागू. लोन, इन्शुरन्स, शेअर मार्केट असल्या विषयांवर लिहिणाऱ्यांचं गणित वेगळं असतं, तिथे जाहिरातदार एकेका क्लिकसाठी भांडतात, आमच्या साबुदाणा वड्यासाठी कोण भांडणार!

तर ॲडसेन्स 2003 पासून आहे, पण मराठीला त्यात रीतसर जागा मिळाली 2018 मध्ये. हिंदीला 2014 मध्ये मिळालेली, बंगालीला 2017 मध्ये. म्हणजे आपण उशिरा पंगतीला बसलो, आणि त्याचा परिणाम अजून दिसतो, मराठीतून जाहिरात करणारे कमी आहेत त्यामुळे मराठी पानावर बऱ्याचदा हिंदी किंवा इंग्रजी जाहिरात येते. वाचकाला त्याचं काही वाटत नाही, पण जागेसाठी बोली लावणारे कमी म्हणजे भाव कमी, साधी गोष्ट आहे.

अप्रूव्हलचा, म्हणजे गूगलने साइट तपासून होकार देण्याचा, लोक उगाच बाऊ करतात. वय 18 पूर्ण हवं, साइट तुमची हवी म्हणजे तिच्या कोडमध्ये हात घालता आला पाहिजे, मजकूर उचललेला नको. "लो व्हॅल्यू कंटेंट" म्हणून अर्ज परत येतो तो बहुतेक वेळा चार ओळींच्या पानांमुळे किंवा व्हॉट्सॲपवरचे सुविचार गोळा करून टाकल्यामुळे. किमान इतक्या पोस्ट हव्यात, डोमेन इतकं जुनं हवं असले जे आकडे फिरतात त्यावर जाऊ नका, लिहीत राहा आणि पुन्हा अर्ज करा. आणि अप्रूव्हल करून देतो म्हणून पैसे मागणारा कोणी भेटला तर त्याला लांबूनच नमस्कार.

आता पैशाचं. आधी गूगल सांगायचं की जाहिरातीच्या पैशातले 68 टक्के साइटवाल्याला. 2024 च्या सुरुवातीपासून मांडणी बदलली. आता जाहिरातदाराकडून आलेल्या पैशातून आधी जाहिरात विकत घेण्याच्या यंत्रणेची फी जाते आणि उरलेल्याचे 80 टक्के आपल्याला. गूगल ॲड्समधून (जाहिरातदार जिथून जाहिरात देतात ती गूगलचीच यंत्रणा) आलेल्या जाहिरातीवर ती फी सरासरी 15 टक्के धरा, म्हणजे 100 मधले 85 उरले, त्याचे 80 टक्के म्हणजे पुन्हा 68 च. काखेत कळसा न् गावाला वळसा! त्याच वेळी क्लिकऐवजी इम्प्रेशनवर पैसे द्यायला लागले, म्हणजे जाहिरात दिसली की मोजली. हे ऐकून बऱ्याच जणांना वाटलं की आता नुसतं पान उघडलं तरी पैसे. तसं काही नाही हो, जाहिरातदार अजूनही आपल्या जाहिरातीतून पुढे काय विकलं जातंय ते बघूनच बोली लावतो, वाचक जाहिरातीकडे ढुंकूनही बघत नसेल तर भाव आपोआप खाली.

एक हिशोब करून बघा, मी सगळ्यांना हाच करायला लावते. आरपीएम म्हणजे हजार पेज व्ह्यूजमागे, म्हणजे पान हजार वेळा उघडलं गेलं की, होणारी मिळकत. समजा ती 30 सेंट आहे. 100 डॉलर झाल्याशिवाय पैसे निघत नाहीत. म्हणजे पहिला पैसा हातात यायला सव्वातीन लाखाच्या वर पेज व्ह्यूज लागतील. दिवसाला हजार वाचले गेले तर अकरा महिने. आता तुमची आरपीएम माझ्या उदाहरणापेक्षा जास्त असेल किंवा कमी, पण हा भागाकार केल्याशिवाय नोकरी सोडायच्या गप्पा नकोत.

आरपीएम कशावर ठरते तर वाचक कुठे बसलाय आणि किती वेळ थांबतोय यावर. न्यू जर्सीत किंवा बे एरियात बसून उकडीच्या मोदकाची रेसिपी शोधणारी मराठी बाई आणि सांगलीत बसून तीच रेसिपी शोधणारी बाई, पान एकच, कष्ट तेच, पण अमेरिकेतल्या व्ह्यूला भाव कितीतरी जास्त, कारण तिथल्या ग्राहकासाठी जाहिरातदार जास्त मोजतो. म्हणून परदेशात साहित्य काय मिळतं, तांदळाच्या पिठीला पर्याय काय, इंडक्शनवर पुरण कसं शिजवायचं अशी पानं मराठीत असली तर ती वाचकालाही उपयोगी आणि कमाईलाही बरी. याउलट चंद्रोदयाचं पान. संकष्टीला संध्याकाळी सात-साडेसातपासून जो काय लोंढा येतो विचारू नका, सगळ्या घरात ताटं वाढायची थांबलेली आणि एक जण मोबाइल हातात घेऊन "किती वाजता आहे गं" करत असतो. तो येतो, वेळ बघतो, जातो. ग्राफ बघून हरखून जावं असा ट्रॅफिक, आणि कमाईच्या रकान्यात चिल्लर. त्यात आता बऱ्याचदा सर्च केल्या केल्या वेळ वरच दिसते, साइटवर यायची गरजच काय! नव्याने साइट काढणाऱ्यांनी असल्या एका ओळीत उत्तर संपणाऱ्या विषयांवर फार विसंबू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता स्टार कापले ते ऑटो ॲड्ससाठी. सेटिंगमध्ये एक बटण असतं, चालू केलं की गूगल स्वतःच ठरवतं कुठे किती जाहिराती टाकायच्या. नवीन माणूस चालू करतो आणि विसरून जातो. मग एकदा तरी आपलं पान स्वस्तातल्या फोनवर, मोबाइल डेटावर उघडून बघा. पुरणपोळीची कृती आहे, बाईचे हात कणकेचे, फोन डब्याला टेकवून उभा केलाय. साहित्य वाचलं, तर साहित्य आणि कृतीच्या मध्ये जाहिरात. खाली चिकटलेली अँकर ॲड, तिने स्क्रीनची एक पट्टी खाल्ली. "पुरण सैल झालं तर काय करावं" या लिंकवर कोपराने कसंबसं टच केलं तर अख्खी स्क्रीन व्यापणारी जाहिरात, तिला विनेट म्हणतात, आणि ती बंद करायची फुली कोपऱ्यात इवलीशी. तिकडे पुरण लागलं ना खाली! ती बाई परत येणार नाही, आणि यात तिचं काही चुकत नाही.

त्यामुळे माझं सेटिंग असं, विनेट पूर्ण बंद, अँकर बंद, ऑटो ॲड्सही बंद, आणि हाताने ठेवलेल्या मोजक्या जागा. एक प्रस्तावनेनंतर, एक कृती संपल्यावर, टिपा मोठ्या असतील तर त्यांच्यानंतर आणखी एक. साहित्याची यादी आणि कृती यांना हात लावायचा नाही. दुसरं, जाहिरातीच्या डब्याला कोडमध्ये आधीच किमान उंची देऊन ठेवा. नाहीतर होतं काय की मजकूर आधी दिसतो, जाहिरात मागून येते आणि वाचत असलेली ओळ धपकन खाली पळते, वाचक चिडतो आणि गूगल सर्चही असल्या हलणाऱ्या पानांना मार्क कमी देतं. एकीकडे हेच ऑटो ॲड्स भरायला सांगणार आणि दुसरीकडे पान हलतं म्हणून हेच मार्क कापणार, हे काही मला झेपत नाही. ऑटो ॲड्स ठेवायच्याच असतील तर निदान सेटिंगमध्ये जाहिरातींचं प्रमाण कमी करा आणि नको ती पानं वगळा.

एक फीचर मात्र मनापासून आवडलं, ब्लॉकिंग कंट्रोल्स. व्रतवैकल्यांच्या पानावर कसल्या जाहिराती येतात ते तुम्हाला माहीतच असेल, वशीकरण, प्रेमविवाह समस्या समाधान, 24 तासात रिझल्ट. हरतालिकेची कथा वाचायला आलेल्या आजींना हे दाखवायचं? तर सेन्सिटिव्ह कॅटेगरीमध्ये ज्योतिष, झटपट श्रीमंती, वजन घटवणे, डेटिंग असे वर्ग वेगवेगळे बंद करता येतात, आणि त्यातूनही निसटलेली जाहिरात ॲड रिव्ह्यू सेंटरमध्ये जाऊन एकेक करून उडवता येते. कमाई थोडी घटते, घटू दे की.

ॲडसेन्ससारख्या बाकीच्या जाहिरात नेटवर्कांबद्दल लोक विचारतात. मीडिया डॉट नेट चांगलं नाव आहे, मुंबईच्या दिव्यांक तुराखियांनी उभं केलं आणि 2016 मध्ये चिनी गुंतवणूकदारांना जवळपास 90 कोटी डॉलरना विकलं, पण त्यांचा भर इंग्रजी मजकूर आणि अमेरिका-इंग्लंडच्या वाचकांवर, मराठी साइटने तिथे आशा धरू नये. मीडियाव्हाइनसारखी नेटवर्कंही मुख्यतः पाश्चात्त्य ट्रॅफिक असलेल्यांसाठी. आणि मग असतात ती "अप्रूव्हल लगेच, जास्त पैसे" म्हणणारी. असंच एक, नाव घेत नाही, मी लावून बघितलं होतं. मोबाइलवर कुठेही टच करा, नवीन टॅब उघडून "तुमच्या फोनमध्ये 4 व्हायरस सापडले". माझ्या काकूंनी घाबरून फोन बंद करून कपाटात ठेवला. त्याच दिवशी ते कोड काढून टाकलं.

स्वतःच्या जाहिरातींवर क्लिक करायचं नाही हे सगळ्यांना माहीत असतं, घरच्यांना माहीत नसतं. फॅमिली ग्रुपवर साइटची लिंक टाकली की कोणीतरी आत्या प्रेमाने सांगणारच, "रोज दोनदा दाबते हं तुझ्या जाहिराती." आत्याला वेळीच थांबवा. असे क्लिक इनव्हॅलिड ट्रॅफिकमध्ये धरतात, पैसे कापले जातात, जास्त झालं तर जाहिराती मर्यादित होतात किंवा अकाउंटच बंद, आणि एकदा बंद झालं की अपील करता येतं पण निर्णय त्यांचाच. महिन्याभरात दिसणारा आकडा हा अंदाज असतो, असली वजावट होऊन पक्का आकडा नंतर येतो, तेव्हा डॅशबोर्ड बघून मिक्सर बुक करू नका. सगळे निर्णय त्यांच्याच हातात, हा एकतर्फीपणा मला खटकतो, पण एवढ्या मोठ्या बाजारात दुसरा तोलामोलाचा दुकानदारच नाही. अमेरिकेत एप्रिल 2025 मध्ये फेडरल कोर्टाने गूगलने जाहिरात तंत्रज्ञानाच्या काही भागात बेकायदा मक्तेदारी केली असं ठरवलं, आपल्याकडे वृत्तसंस्थळांच्या संघटनेच्या तक्रारीवर स्पर्धा आयोगाने 2022 मध्ये चौकशी लावली. त्यातून आपल्यासारख्या चिल्लर लोकांच्या पदरात काही पडलं तर आनंदच आहे.

पैसे हातात यायची पद्धत एकदा समजून घ्या. 10 डॉलर झाले की पत्ता खरा आहे का ते तपासायला घरच्या पत्त्यावर पोस्टाने पिन, म्हणजे अकाउंटमध्ये भरायचा नंबर, येतो, साधारण दोन ते चार आठवडे धरा. पत्ता इंग्रजीत, पिनकोडसकट, शेजारची खूण टाकून नीट लिहा, चाळीत राहत असाल तर खोली नंबर विसरू नका. चार महिन्यांत पिन भरला नाही तर जाहिराती दिसणं थांबतं. नाव बँक खात्यावर आहे तसंच लिहा. मग 100 डॉलर पार झाले की पुढच्या महिन्याच्या 21 ते 26 तारखेदरम्यान वायर ट्रान्सफर. यासाठी स्विफ्ट कोड, म्हणजे परदेशातून पैसे येण्यासाठीचा बँकेचा ओळख-कोड, लागतो आणि तो प्रत्येक शाखेला असतोच असं नाही, मोठ्या शाखेचा चालतो, बँकेला विचारा. बँक हे पैसे कशाचे म्हणून विचारेल तर जाहिरातीचं उत्पन्न असं स्पष्ट सांगायचं. डॉलरचे रुपये करताना बँक स्वतःचा दर लावते, वर चार्ज कापते, त्यामुळे रक्कम छोटी असेल तर ॲडसेन्समध्ये पेमेंट थ्रेशोल्ड, म्हणजे किती जमल्यावर पैसे पाठवायचे ती रक्कम, वाढवून ठेवा, दोन-तीन महिन्यांचं एकदम येऊ द्या, चार्ज एकदाच बसतो. हे उत्पन्न रिटर्नमध्ये दाखवावं लागतं, सीएकडे जाताना पेमेंटच्या पावत्या डाउनलोड करून न्या.

आणि सीझन बघून धीर धरा. गणपतीपासून दिवाळीपर्यंत वाचकही असतात आणि जाहिरातदारांचं बजेटही असतं, ऑक्टोबर ते डिसेंबर बरे जातात, जानेवारीत त्याच ट्रॅफिकला आरपीएम आपटते. घाबरून जागोजागी आणखी जाहिराती कोंबू नका, ते दरवर्षीचं आहे.

फराळाच्या पानांवर तर मी आता ॲडसेन्सची एक जागा काढून तिथे थेट जाहिरात ठेवते. घरगुती चकली-अनारसे करून विकणाऱ्या ताई असतात, रत्नागिरीकडचे आंबेवाले असतात, त्यांना फोनवर महिन्याचा ठोक भाव सांगायचा, पैसे यूपीआयने, मधे कोणी नाही, पिन नाही की डॉलर नाही. फक्त वर "जाहिरात" असं ठळक लिहा आणि लिंकच्या कोडमध्ये स्पॉन्सर्ड टॅग लावा, पैसे घेऊन दिलेल्या लिंकला तो लावायचा असा गूगल सर्चचा नियम आहे. भावाचं म्हणाल तर त्या पानावरच्या ॲडसेन्सच्या महिन्याच्या कमाईच्या दुप्पट सांगून सुरुवात करा, आंबेवाले घासाघीस करणारच.