५६४१एएस डिस्प्ले: ड्रायव्हर चिप नको, पण रेझिस्टर बघून लावा

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर चार अंकी लाल सेव्हन-सेगमेंट डिस्प्ले (प्रत्येक आकडा सात रेघा आणि एका टिंबाचा) घेताना पैसे द्यायच्या आधी कडेला छापलेला नंबर वाचा. ५६४१एएस म्हणजे कॉमन कॅथोड (एका अंकाच्या सगळ्या एलईडींचं ऋण टोक एकाच पिनवर), ५६४१बीएस म्हणजे कॉमन ॲनोड (धन टोक एकाच पिनवर). दिसायला दोन्ही सारखेच. काउंटरवरच मल्टीमीटर डायोड मोडवर ठेवून काळी प्रोब १२ नंबरच्या पिनवर आणि लाल ११ वर टेकवा. एएस असेल तर डावीकडच्या पहिल्या आकड्याची वरची आडवी रेघ मिणमिणते. बत्तीसही सेगमेंट (रेघा आणि टिंबं) असेच बघून घ्या. मधली रेघ मेलेली असली की ८ चा ० होतो आणि चूक प्रोग्रॅममध्ये शोधत बसावं लागतं.

आकडा ०.५६ इंच उंच, टेबलावरच्या घड्याळाला अगदी बेताचा. बाराही पिना (८ सेगमेंटच्या, ४ कॅथोडच्या) थेट अर्डुइनो उनो बोर्डाला जोडता येतात, तरी ८ मोकळ्या राहतात.

खरी गोम रेझिस्टरमध्ये आहे. सवयीने सगळे ३३० ओहम लावतात. लाल एलईडीवर साधारण २ व्होल्ट पडतात, म्हणजे ५ व्होल्टवर दर सेगमेंटला ९ मिलिअँपिअर. सेगमेंटच्या पिनला ते झेपतं. पण टिंबासकट ८ लागला की कॅथोडच्या एकाच पिनमधून ७२ मिलिअँपिअर जातात, आणि उनोवरच्या एटीमेगा३२८पी चिपच्या पिनची कमाल मर्यादा ४० आहे. चिप लगेच जळत नाही, म्हणून तर ही चूक लपून राहते. १ किलोओहमचे आठ लावा: ३ गुणिले ८, फक्त २४. तेही सेगमेंटच्या वाटेवर. कॅथोडला एकेकच लावून पैसे वाचवले तर १ झगझगीत आणि ८ मलूल दिसतो.

घरात एवढा उजेड पुरतो, भर दुपारी गॅलरीत आकडे फिके पडतात. तिथे ३३० ठेवा, पण प्रत्येक कॅथोडला बीसी५४७ ट्रान्झिस्टर आणि त्याच्या बेसला १ किलोओहम हवाच.

सेगमेंटच्या पिना चारही अंकांना सामाईक आहेत, म्हणून एका वेळी एकच अंक पेटवायचा, आळीपाळीने. प्रत्येक अंकाला २ मिलिसेकंद द्या. सेकंदाला १२५ फेऱ्या होतात, लुकलुक दिसत नाही. आधी कॅथोड बंद, मग सेगमेंट बदला, मग पुढचा कॅथोड चालू. हा क्रम चुकला की शेजारच्या आकड्याची सावली पडते. लूपमध्ये डिले टाकला तर एकच अंक पेटून राहतो. हे काम टायमर इंटरप्टलाच (ठरल्या वेळी मुख्य प्रोग्रॅम क्षणभर थांबवून चालणाऱ्या कोडला) द्या.

पिना कमी असतील तर टीएम१६३७ या ड्रायव्हर चिपचं मॉड्यूल घ्या, दोन पिनांत भागतं. आणि बीसी५४७ लावलात तर प्रोग्रॅममध्ये कॅथोडचं लो-हाय उलटं करा: थेट जोडणीत लो दिल्यावर अंक पेटतो, ट्रान्झिस्टर असताना हाय दिल्यावर.