एस्टोनियन भावनेचा सूर: नटाचा आवाज की वाचणाऱ्याचा?

राग आला की आवाज चढतो, असं आपण सहज म्हणतो. बोललेल्या एस्टोनियन भाषेत हे तपासायचं तर आधी ठरवावं लागतं, आवाज कोणाचा घ्यायचा?

पहिली वाट नटाची. ‘रागाने म्हण’ सांगितलं की तो म्हणतो. भावना ठळक मिळते, मोजणी सोपी जाते. पण नट बहुधा ओरडणारा राग देतो, आणि ओरडताना सूर वर जातोच. दात-ओठ खाऊन, हळू आवाजात बोललेला राग त्यात हाती लागत नाही.

दुसरी वाट एस्टोनियाची राजधानी तालिन इथल्या एस्टोनियन भाषा संस्थेने धरली. वाचणाऱ्याला भावना सांगायची नाही, फक्त मजकूर द्यायचा. मग श्रोते ऐकून ठरवतात: राग, आनंद, दुःख की काहीच नाही. सुरातले फरक इथे बारीक असतात, कष्ट जास्त पडतात. तरी मला हीच वाट खरी वाटते.

कारण एस्टोनियनमध्ये सुरावर आधीच एक काम आहे. ‘कोऽली’ हा शब्द घ्या. लिहिताना एकच, पण एका उच्चारात ‘शाळेचा’, दुसऱ्यात ‘शाळेत’ (जायचं तेव्हा). दुसऱ्यात पहिलं अक्षर आणखी लांबतं आणि सूर त्या अक्षरात लवकरच खाली येतो. ‘शाळेचा’ म्हणताना तो अक्षराच्या शेवटापर्यंत टिकतो. भाषाशास्त्रज्ञ इल्से लेहिस्ते यांनी अक्षरांच्या या लांबीचा आयुष्यभर अभ्यास केला. भावना याच उतारावर स्वार होते, आणि नटाच्या आरोळीत तो उतार ऐकू येणंच अवघड.