टीडीए२०३०ए वालं छोटं ॲम्प किट: स्पीकरसाठी एकदम छान, हेडफोनसाठी चार रेझिस्टर बदलून घ्या

टेबलावर ठेवायला एक छोटा ॲम्प (ॲम्प्लिफायर) हवा होता, दिवसा स्पीकरवर आणि रात्री हेडफोनवर ऐकता येईल असा, आणि स्वतः सोल्डर करून बनवायची हौस बऱ्याच दिवसांची होती, म्हणून दोन टीडीए२०३०ए आयसी (आवाज मोठा करणाऱ्या चिप) असलेलं स्टिरिओ किट घेतलं. २४ व्होल्टच्या साध्या ॲडॅप्टरवर चालतं, म्हणजे मेन लाइनच्या वायरींना हात लावायचं कामच नाही. पहिल्यांदा ॲम्प बनवणाऱ्याला मी हे किट सांगेन ते याच कारणासाठी. तीन महिने रोज वापरलं, आता लिहितोय.

आधी एक राग काढून टाकतो. पाकिटावर १०० वॅट छापलंय. हे साफ खोटं आहे आणि हिशोब कोणीही करू शकतं, २४ व्होल्टवर आउटपुट फार तर २० व्होल्ट पीक टू पीक (खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत) झुलणार, म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरला चॅनलमागे साधारण ६ वॅट आणि ४ ओहमला १२ च्या आसपास. टेबलाजवळ बसून ऐकायला ६ वॅट भरपूर होतात हो, मग खोटं कशाला छापायचं?

बोर्ड मात्र चांगला आहे. ट्रॅक जाड आहेत, प्रत्येक जागी व्हॅल्यू छापलीय, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची मायनस बाजू पांढऱ्या रंगाने भरलीय त्यामुळे उलटा बसवायची भीती नाही. आयसी लावताना एवढं करा, आधी दोन्ही आयसी हीटसिंकला स्क्रूने घट्ट बसवा आणि मगच पाय सोल्डर करा, आधी सोल्डर करून मग स्क्रू आवळला की सगळा ताण त्या पाच पायांवर येतो. सिंगल सप्लाय (फक्त प्लस आणि ग्राउंड) असल्यामुळे आयसीची पाठ ग्राउंडलाच असते, त्यामुळे एकाच हीटसिंकवर दोन्ही बसतात, मधे मायका (वीज अडवणारी पातळ चकती) लागत नाही. प्लस मायनस सप्लाय असता तर लागला असता.

पहिल्यांदा चालू करताना स्पीकर लावू नका. मीटर घेऊन आयसीच्या आउटपुट पायावर बघा, सप्लायच्या निम्मे म्हणजे १२ व्होल्टच्या आसपास पाहिजेत, आणि स्पीकरच्या वाटेतल्या २२०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरच्या पलीकडे काही सेकंदांत शून्यावर यायला पाहिजे. माझं दोन्हीकडे बरोबर आलं, गाणंही वाजलं, पण दहा मिनिटांनी गाणं बंद असताना बोट लावून बघितलं तर डावा आयसी कोमट आणि उजव्यावर बोट ठेववेना. आवाजात तर काहीच फरक नव्हता! भिंगातून बोर्ड बघत बसलो तेव्हा उजव्या आउटपुटवरच्या ०.२२ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरच्या पायाभोवती सोल्डर गोल गोळ्यासारखं बसलेलं दिसलं, पायाला चिकटलेलंच नव्हतं. तो कपॅसिटर आणि त्याच्या सिरीजमधला १ ओहमचा रेझिस्टर आयसीला स्थिर ठेवतात, ती जोडी तुटली की आयसी आपल्याला ऐकू न येणाऱ्या फ्रिक्वेन्सीवर ऑसिलेट होत (आपोआपच थरथरत) राहतो आणि तापतो. थोडं फ्लक्स लावून परत सोल्डर केलं, दोन्ही सारखेच कोमट झाले. तेव्हापासून काहीही बनवलं की आवाजाआधी बोट लावून बघतो.

आता हेडफोन. इथे किट बनवणाऱ्याने आळस केलाय. जॅकला प्रत्येक बाजूला नुसता ३३० ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये टाकून दिलाय, आवाज कमी झाला, काम संपलं. पण माझ्या ३२ ओहमच्या हेडफोनवर बास ढब ढब यायला लागला, तबल्याचा डग्गा आणि बास गिटार एकमेकांत मिसळून जायचे. कारण असं की हेडफोनचा इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विरोध, ओहममध्ये) सगळ्या फ्रिक्वेन्सीला ३२ नसतो, बासमध्ये एका जागी तो वर चढतो, आणि मागे ३३० ओहम असले की तिथला आवाजही त्याच्याबरोबर चढतो. इम्पिडन्स दुप्पट झाला तर ५ डेसिबलच्या आसपास, एवढा फरक कोणालाही ऐकू येतो. मी ३३० काढून ४७ ओहम २ वॅटचा सिरीजमध्ये आणि ४.७ ओहमचा हेडफोनला पॅरलल लावला. आवाज जवळपास तेवढाच राहतो, पण हेडफोनच्या मागे आता ४ ओहमच दिसतात आणि तोच फरक अर्ध्या डेसिबलवर येतो. डग्गा वेगळा, गिटार वेगळी, पहिल्याच गाण्यात कळलं. दोन चॅनलचे मिळून चार रेझिस्टर, पंधरा मिनिटांचं काम, किटमध्येच द्यायला काय हरकत होती!

व्हॉल्यूमचा पॉटही (बटणाखालचा फिरवायचा रेझिस्टर) चुकीचा दिलाय, बी५०के म्हणजे लिनियर. थोडासा फिरवला की एकदम मोठा आवाज आणि पुढे काहीच होत नाही. ए५०के म्हणजे लॉग लावा, त्यावर कानाला आवाज हळूहळू वाढतोय असं वाटतं. काही जण म्हणतील त्यापेक्षा गेनच (सिग्नल किती पट मोठा होतो तो) कमी कर, पण ह्या आयसीला २४ डेसिबलच्या (साधारण १६ पट) खाली आणलं तर तो परत ऑसिलेट होऊ शकतो, किटमधला २२ के आणि ६८० ओहमचा ३३ पट गेन आहे तसाच ठेवा.

डी क्लासचे (वेगाने चालू-बंद होऊन चालणाऱ्या ॲम्पचे) छोटे बोर्ड घेऊन त्यांनाच हेडफोन जॅक लावायचा विचार असेल तर थांबा. त्यातले बरेच ब्रिज आउटपुटचे (स्पीकरच्या दोन्ही वायर ॲम्पच चालवतो असे) असतात, दोन्ही चॅनलचे मायनस वेगळे असतात आणि हेडफोनच्या पिनमध्ये ते एकत्र होतात, बोर्ड जळू शकतो. इथे आउटपुट ग्राउंडच्या हिशोबाने आहे म्हणून जॅक सरळ लागतो.

स्विच ऑन करताना धप्प असा आवाज येतो, तो मोठा कपॅसिटर चार्ज होताना येतो, तेव्हा हेडफोन कानावर नको. मी आधी ॲम्प चालू करतो, दोन सेकंद थांबतो आणि मग कानाला लावतो.