शांतता ऐकू आली नाही

आधी रक्कम सांगतो, कारण लोक तेच आधी विचारतात. ३४५ पौंड गेले, त्यातले १६० परत आले. म्हणजे १८५ पौंडांची टोपी बसली. घरदार विकायची वेळ आली नाही, पण टोपी ज्या पद्धतीने घातली गेली ती पंक, म्हणजे बंडखोर रॉक संगीताच्या, जुन्या रेकॉर्ड गोळा करणाऱ्या कुणालाही चपखल बसेल, म्हणून लिहितोय.

मी मूळचा सांगलीचा, अकरा वर्षं इंग्लंडमधल्या लीड्समध्ये आहे. पुण्यात होस्टेलवर एका सीनियरच्या हार्ड डिस्कमधून क्रास हा बँड कानावर पडला आणि तो नाद काही सुटला नाही. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. १९७७ साली एसेक्समधल्या एका जुन्या घरात एकत्र राहणाऱ्या मंडळींनी काढलेला हा बँड. युद्ध, चर्च, थॅचरबाई, कुणालाच त्यांनी सोडलं नाही. रेकॉर्डच्या कव्हरवर किंमत छापायची आणि वर 'यापेक्षा जास्त देऊ नका' अशी ताकीद द्यायची, ही त्यांची रीत. 'स्टेशन्स ऑफ द क्रास' या दुहेरी अल्बमवर तीन पौंडांची ताकीद आहे. 'रिअ‍ॅलिटी असायलम' ही छोटी रेकॉर्ड तर ४५ पेन्सला काढली आणि हिशेबात व्हॅट धरायचाच राहिला, त्यामुळे दर प्रतीमागे पदरमोड झाली. असल्या माणसांची रेकॉर्ड मी ८५ पौंडांना घ्यायला निघालो होतो. तिथेच माझं मला हसू यायला हवं होतं.

ज्याने टोपी घातली तो मला रेकॉर्डच्या एका जत्रेत भेटला. पन्नाशी ओलांडलेला, कोटावर बिल्ले, बोलणं मऊ. टेबलावर त्याच्याकडे डिस्चार्ज या पंक बँडची १९८० सालची 'रिअ‍ॅलिटीज ऑफ वॉर' होती. स्टोक-ऑन-ट्रेंटच्या क्ले रेकॉर्ड्स या कंपनीची ही पहिलीच रेकॉर्ड. मी किंमत विचारली तर म्हणाला, "तुला हवी आहे ना? बारा दे." बाजारात ती त्याहून कितीतरी महाग जाते. ती अस्सल होती, आजही माझ्याकडे आहे. गळाला लावलेलं गांडूळही अस्सलच असतं.

मग तासभर गप्पा. १९८४च्या जुलैमध्ये संपावरच्या खाणकामगारांसाठी वेल्समधल्या अ‍ॅबरडेरला क्रासने शेवटचा कार्यक्रम केला, तिथे आपण हजर होतो असं त्याने सांगितलं. ब्रॅडफर्डच्या 'वन इन ट्वेल्व्ह' क्लबचं नाव कसं पडलं तेही सांगितलं. सरकारी भत्ता घेणाऱ्यांपैकी बारात एक जण सरकारला फसवतो, असं ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला एका सरकारी अहवालात आलं होतं. तिथल्या बेकार पोरांनी चिडून तेच नाव आपल्या क्लबला देऊन टाकलं. मी खळखळून हसलो. बारातला एक माझ्यासमोरच उभा होता, हे मात्र कळलं नाही.

आठवड्याभरात त्याचा मेसेज आला. 'द फीडिंग ऑफ द फाइव्ह थाउजंड', स्मॉल वंडरची, पहिल्या छपाईची, ८५ पौंड.

या रेकॉर्डची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. स्मॉल वंडर हे पूर्व लंडनमधल्या वॉल्थमस्टोचं रेकॉर्डचं दुकान, त्याच नावाने रेकॉर्डही काढायचं. १९७८च्या ऑक्टोबरमध्ये क्रासने हा अल्बम एका दिवसात ध्वनिमुद्रित केला. कारखाना पाच हजारांहून कमी प्रती काढायला तयार नव्हता. इतक्या खपणार कुणाला, या विचारातून हे नाव आलं, वर येशूने पाच हजार लोकांना जेवू घातल्याच्या बायबलमधल्या गोष्टीला टोमणा. पण 'असायलम' हा पहिलाच तुकडा येशूची निंदा करणारा आहे म्हणून आयर्लंडमधल्या कारखान्यातल्या कामगारांनी रेकॉर्ड छापायला नकार दिला. तेव्हा बँडने तो तुकडा काढला आणि त्या जागी शांतता ठेवली. नुसती शांतता, दोनेक मिनिटांची. नाव दिलं 'द साउंड ऑफ फ्री स्पीच'. पुढे स्वतःची कंपनी काढल्यावर त्यांनी 'असायलम' परत घालून हाच अल्बम पुन्हा काढला. सीडीवर, इंटरनेटवर मिळतो तो हा दुसरा. शांतता हवी असेल तर जुनी स्मॉल वंडरचीच तबकडी हवी.

"दोन मिनिटं काहीच वाजत नाही, त्याचे ८५ पौंड?" बायको म्हणाली. मी तिला अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर छोटंसं भाषण दिलं.

त्याने फोटो पाठवले ते कव्हरचे आणि लेबलचे. रनआउटचा, म्हणजे शेवटचं गाणं संपल्यावर लेबलपर्यंत जी गुळगुळीत पट्टी असते तिचा, फोटो नव्हता. खरं तर रेकॉर्डची जन्मकुंडली तिथेच असते. कारागिराने हाताने खरवडलेले आकडे, कधी एखादा चावटपणा. जॉर्ज पेकहॅम नावाच्या कारागिराचं 'अ पोर्की प्राइम कट' कितीतरी ब्रिटिश रेकॉर्डवर सापडतं. मी तो फोटो मागितला. उत्तर आलं, "कॉम्रेड, आपण दलाल आहोत का? हवी तर घे, नाहीतर एखाद्या पोराला देतो." मला शरम वाटली. पैसे कसे पाठवू विचारलं तर म्हणाला, थेट बँकेत टाक, कमिशन खाणाऱ्या कंपन्यांना कशाला पोसायचं? तेही पटलं. भीड भिकेची बहीण, असं माझी आजी म्हणायची. मी त्या भिडेला तत्त्वनिष्ठा समजलो. वाण्याच्या दुकानात एक्सपायरी डेट बघताना मला कधी लाज वाटलेली नाही, इथे मात्र खात्री करून घेणं म्हणजे त्या माणसाचा अपमान असं वाटलं. त्याला माझ्याबद्दल एवढीच माहिती पुरेशी होती.

रेकॉर्ड आली. त्याच सुमारास माझ्या टर्नटेबलचा बेल्ट तुटला होता, म्हणून ती तशीच प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवली. नुसती बघून खूश. तेवढ्यात त्याचा पुढचा मेसेज. अमेरिकेतल्या एका मित्राकडे मायनर थ्रेट या तिकडच्या पंक बँडची पहिली रेकॉर्ड आहे, १९८१ची, वॉशिंग्टनच्या डिस्कॉर्ड कंपनीची. सात इंचांत आठ गाणी, त्यांतलं एक 'स्ट्रेट एज'. दारू नको, नशा नको म्हणणाऱ्या पोरांच्या अख्ख्या पंथाला त्या गाण्याने नाव दिलं. माझे आजोबा माळकरी होते, त्यामुळे या गाण्यावर माझा विशेष जीव. २६० पौंड आगाऊ मागितले. पाठवले.

एप्रिलमधल्या एका रविवारी नवा बेल्ट बसवला. चहा घेऊन बसलो, सुई ठेवली आणि शांततेची वाट बघू लागलो. बाईचा आवाज सुरू झाला. 'असायलम'!

खरं सांगतो, पहिली दहा मिनिटं मला वाटलं की घबाड लागलं. कारखान्याने नाकारण्याआधीची एखादी चाचणीची प्रत असणार! कुठे लिलावात लावायची याचाही विचार झाला. मग तबकडी दिव्याखाली तिरकी धरली. रनआउटमध्ये हाताची खरवड नव्हती, यंत्राने उठवलेला एक सरळसोट आकडा होता. भिंग आणलं. लेबलवरची बारीक अक्षरं पाण्यात भिजल्यासारखी फुगलेली, म्हणजे छापलेल्या लेबलचं स्कॅन करून पुन्हा छापलेलं. लेबलवर मात्र 'द साउंड ऑफ फ्री स्पीच' असंच लिहिलेलं. ज्याने नक्कल केली त्याने लेबल जुन्याचं उचललं, आवाज सीडीवरचा घातला आणि रेकॉर्ड एकदाही ऐकली नाही. मीही दोन महिने ऐकली नव्हती.

मेसेज केला. त्याने वाचल्याची खूण दिसली, मग काहीच नाही. मायनर थ्रेट 'कस्टममध्ये अडकलीय' हे त्याचं शेवटचं वाक्य होतं.

कुणी म्हणेल, पंकवाल्यांना कॉपीचं एवढं काय? बरोबर आहे. डेड केनेडीज या अमेरिकन पंक बँडने 'इन गॉड वी ट्रस्ट, इंक.'च्या कॅसेटची एक बाजू कोरी सोडली होती, तुम्हीच त्यावर काहीतरी टेप करा म्हणून. कॉपी मलाही चालते. कॉपी म्हणून दिली असती तर पाच पौंडांना आनंदाने घेतली असती.

पैशांचं म्हणाल तर ऑक्टोबर २०२४पासून इथे नियम आहे की फसवून पाठवायला लावलेली रक्कम बँकेने परत द्यायची, मर्यादा ८५,००० पौंड. पण त्यातले १०० पौंडांपर्यंत बँक कापू शकते, आणि अर्ज १३ महिन्यांत करावा लागतो. मी मेसेज, तारखा, सगळं जोडून दिलं. २६०मधले १०० कापून १६० आले. ८५ पौंडांबाबत उत्तर आलं की वस्तू तुमच्या हातात पडली आहे, ती अस्सल की नक्कल हा तुमच्या दोघांतला वाद. म्हणजे काहीच न पाठवणाऱ्याचे पैसे निघतात, खोटं पाठवणाऱ्याचे अडकतात. तेव्हा मोठी रक्कम असेल तर खरेदीदाराला संरक्षण देणाऱ्या मार्गानेच द्या, कमिशन पडलं तरी. आणि रनआउटचा फोटो, शेजारी आजची तारीख लिहिलेला कागद ठेवून, निर्लज्जपणे मागा. रेकॉर्ड आली की त्याच दिवशी लावा. बेल्ट तुटला असेल तर शेजाऱ्याकडे जा.

ती नकली तबकडी फेकली नाही. लेबलवर पक्क्या शाईने 'नक्कल' लिहून ठेवलंय, देवनागरीत आणि इंग्रजीतही. माझ्यानंतर कपाट आवरणाऱ्याने ती पुढे कुणाला विकू नये.

नोव्हेंबरात एका छोट्या दुकानात पुन्हा स्मॉल वंडरची 'फीडिंग' दिसली. कव्हरचा कोपरा उंदराने कुरतडल्यासारखा, किंमत ४० पौंड. मी रनआउट बघितला, भिंग काढलं, आणि लावून दाखवा म्हणालो. मालकाने मान हलवून हेडफोन पुढे केला. सुई टेकली. धुळीची बारीक कुरकुर, लांबून येणारी घरघर, बाकी काही नाही. मालक माझ्याकडे बघत होता, मी घड्याळाकडे. दोन मिनिटं मी हललो नाही, मग खिशातून पाकीट काढलं.