ताडोबाच्या बफरमधील एक सकाळ : वाघाविना सफारीचा अनुभव

वाघ दिसला नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे केवळ त्यासाठी सफारीला जाणाऱ्यांचा वेळ वाचेल. चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे गाभा क्षेत्र सुमारे 625 चौरस किलोमीटरचे असून त्याभोवतीचे बफर क्षेत्र सुमारे 1,100 चौरस किलोमीटरचे आहे, आणि या बफरमध्ये जंगलाला लागूनच गावे, शेते आणि गुरांच्या वाटा आहेत. एप्रिलच्या सुरुवातीला तेथील एका लहान प्रवेशद्वारातून मी सकाळची फेरी घेतली. चालक आणि मार्गदर्शक दोघेही त्याच गावचे होते.

मार्गदर्शकाने पहिल्यांदा जिप्सी थांबवली ती एका मोहाच्या झाडाजवळ. झाडाखालची जमीन गोलाकार काळी पडली होती. गळलेली फुले सहज वेचता यावीत म्हणून खालचा पालापाचोळा पेटवतात आणि तीच आग वाऱ्याबरोबर जंगलात शिरते, हे त्याने कोणतीही सारवासारव न करता सांगितले. त्याच्या घरीही पूर्वी असेच करीत, आता झाडाखाली झाडून घेतात किंवा जुने लुगडे पसरतात. उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा, म्हणजे आग पुढे पसरू नये म्हणून मोकळे ठेवलेले पट्टे, साफ करण्याच्या कामाला गावातली माणसे जातात आणि वणवा लागला की हिरव्या फांद्या घेऊन तीच धावतात. कडईचे पांढरे खोड किंवा ऐनाची मगरीच्या पाठीसारखी साल तो ज्या सहजतेने दाखवीत होता, ती पाठ केलेल्या माहितीतून येत नाही. फुलपाखरांविषयी मात्र त्याला फारसे सांगता आले नाही.

राज्य शासनाने 2015 मध्ये सुरू केलेल्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून अशा गावांना स्वयंपाकाच्या गॅससारखी मदत मिळते, आणि सरपणाची मोळी आणायला रानात जाणे कमी झाल्याचे चालकाने सांगितले. वाघाच्या शेजारी राहणाऱ्यांसाठी ही सोय साधी नाही.

तक्रारी दोन आहेत. वाघ जवळ असल्याची सूचना देणारी चितळाची हाक ऐकू येताच पुढच्या चार-पाच गाड्या एका वळणावर दाटल्या, आणि आमच्या चालकानेही, आम्ही नको म्हणत असताना, गाडी त्यांच्यात घुसवली. बक्षिशी वाघावर ठरते, हे त्यामागचे कारण मला कळते, पण पटत नाही. दुसरे असे की, माझ्या शुल्कातील किती रक्कम गावाच्या समितीला जाते आणि ती कशावर खर्च होते, याचा साधा फलकही प्रवेशद्वारावर नव्हता. राखणदारी गावाची असेल, तर हिशेबही उघड्यावर असावा.

तरीही पाचपैकी चार गुण देईन. मंगळवारी आणि पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद असते, तेव्हाही बफरचा विचार करता येतो. झाडे पाहायला आलो आहोत, हे मार्गदर्शकाला निघण्यापूर्वीच सांगावे. पहिला अर्धा तास त्याचा विश्वास बसत नाही.