पेटी चांगली, पडदा ठीक, प्रशिक्षण वाया

आमची शाळा अनुदानित, मराठी माध्यमाची, पाचवी ते दहावी, सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. दहावीच्या एका जुन्या बॅचने स्नेहमेळाव्यात वर्गणी काढली आणि 'शाळा डिजिटल करा' म्हणून रक्कम संस्थेच्या हवाली केली. त्यातून एका कंपनीचं पॅकेज घेतलं: ६५ इंची टच पॅनेल, वरच्या वर्गांसाठी विज्ञानाच्या प्रयोगपेट्या आणि दोन दिवसांचं शिक्षक प्रशिक्षण. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. असली पॅकेजं विकणारे बरेच आहेत आणि सगळ्यांचं माहितीपत्रक वाचलं तर डावं-उजवं करता येत नाही.

मी मुख्याध्यापिका. मुलांना हे आवडलं का, असं मला सगळे विचारतात. मुलांना तास बुडाला तरी आवडतं. शिक्षक ही वस्तू आपणहून हातात घेतात का, तेवढंच मी वर्षभर बघत होते, आणि हा अभिप्राय तेवढ्यापुरताच आहे.

पॅनेलचं आधी उरकते. चित्र स्वच्छ आहे, बोटाने लिहिलेलं उमटतं, आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो. दुपारी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आलं की निम्मा पडदा दिसत नाही. खिडकीचे पडदे आम्हीच शिवून घेतले. लाईट गेली की इन्व्हर्टरवर थोडा वेळ निघतो, पुढचं फळ्यावर. फळा काढून त्या जागी पॅनेल बसवा, असा कंपनीच्या माणसाचा आग्रह होता. तो मी ऐकला नाही आणि तुम्हीही ऐकू नका. पॅनेल बाजूला, फळा मधे.

सोबत दिलेला डिजिटल आशय मात्र बेकार. पेनड्राइव्हवर 'महाराष्ट्र बोर्ड' असं स्टिकर आहे, आत उघडलं की गुरुत्वाकर्षण नववीत. आपल्याकडे ते दहावीच्या विज्ञान भाग १ मधला पहिलाच पाठ आहे. नववीत असायचं ते एनसीईआरटीच्या, म्हणजे सीबीएसईवाल्यांच्या, पुस्तकात. म्हणजे तिकडचा माल उचलला, मराठी आवाज चढवला आणि आपल्याला विकला. बालभारतीच्या पुस्तकात क्यूआर कोड छापलेले असतात, २०१७ पासून सरकारचं दीक्षा ॲप आहे, ते फुकट आहे, आणि त्यात निदान पाठ तरी आपल्या क्रमाने सापडतो. या आशयासाठी दरवर्षी नूतनीकरणाचे वेगळे पैसे आहेत. ते आम्ही भरणार नाही.

पॅनेल सगळ्यात जास्त वापरलं ते भूगोलाच्या मॅडमनी. प्रशिक्षणातून त्या पहिल्याच दिवशी मधेच उठून गेल्या होत्या, त्यामुळे कंपनीच्या अहवालात त्यांच्या नावापुढे शेरा आहे. त्यांना नकाशा हवा होता. महाबळेश्वरपासून नरसोबाच्या वाडीपर्यंत कृष्णा त्यांनी उपग्रह नकाशावर बोटाने ओढत आणली, वाडीला पंचगंगा मिळते तिथे थांबल्या, मग मागे येऊन नदीच्या एका वळणावर चित्र मोठं केलं. मागून एक पोरगा ओरडला, 'मॅडम, ती आमची मोटर!' नदीकाठच्या जॅकवेलची, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरीची, चौकट दिसत होती. मग काय, ज्याला त्याला आपलं रान बघायचं होतं. गाळ वळणाच्या आतल्या बाजूला का साठतो, हे त्या दिवशी वर्गाने मॅडमना सांगितलं, कारण ज्यांच्या रानात तो साठतो ती मुलं समोर बसली होती. या तासासाठी कुणी त्यांना प्रशिक्षण दिलं नव्हतं.

आता पेटी. पेटी खरंच चांगली आहे. आत फोम कापून प्रत्येक वस्तूची खाच केलेली आहे, त्यामुळे तास संपल्यावर काय परत आलं नाही ते झाकण लावायच्या आधी दिसतं. भिंगं काचेची आहेत, प्लास्टिकची नाहीत. मल्टिमीटर साधा पण बरोबर दाखवतो. खोट दोन ठिकाणी आहे: क्रोकोडाईल क्लिपच्या वायरींचं सोल्डरिंग कच्चं, आणि बल्बच्या होल्डरचे आटे लवकर झिजतात. सोबतची पुस्तिका इंग्रजीत आहे, पण चित्रं इतकी नेटकी आहेत की अडत नाही.

इतकं असून जूनपासून दिवाळीपर्यंत या पेट्या माझ्या ऑफिसच्या गोदरेज कपाटात कुलपात होत्या.

विज्ञानाचे आमचे ज्येष्ठ सर मला म्हणाले, 'मॅडम, तुमच्याच कपाटात राहू देत. तिथं सुखरूप आहेत.' संस्थेच्या एका संचालकांनी लगेच निदान केलं: जुने शिक्षक, बदल नको असतो. आता हे सर कोण, तर काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून पोरांकडून त्रिकोण, चौकोन, घनाकृती करून घेणारे. ती टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांची युक्ती; गुप्तांना ती मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात असताना सुचली आणि पुढे देशभर गेली. सर ती या शाळेत माझ्या आधीपासून वापरत आलेत. कृतीतून शिकणं हा शब्द परिपत्रकात यायच्या आधी हा माणूस ते करत होता, आणि त्यालाच 'बदल नको'?

खरी भानगड होती जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये. पेट्या आल्या त्या दिवशी आमच्या लिपिकांनी चोख काम केलं. भिंग बहिर्वक्र नग अमुक, एलईडी लाल नग अमुक, वायर क्लिपसहित नग अमुक, एकूण एक वस्तू डेडस्टॉकला चढवली आणि ताब्यात घेतल्याची सही विज्ञान शिक्षकाची घेतली. जडसंग्रहातली वस्तू फुटली तर ती आपोआप वहीतून जात नाही. निर्लेखनाचा, म्हणजे नोंद काढून टाकण्याचा, प्रस्ताव, समिती, ठराव, मग वजा. तोवर ऑडिटला आक्षेप, आणि निवृत्तीच्या वेळी 'येणे बाकी नाही' असा दाखला मागितला की दोन-चार रुपयांच्या एलईडीचा हिशोब निघतो. सरांची निवृत्ती जवळ आली आहे. पेन्शनच्या फायलीत भिंग अडकवून घ्यायला कुठला शहाणा माणूस तयार होईल? व्हॉल्व्ह ट्यूब कुठल्याच रजिस्टरला नसते, म्हणून ती वर्गात फिरते.

दिवाळीनंतर शाळा समितीच्या सभेत ठराव घेतला. पॅनेल, मल्टिमीटर आणि रिकामी पेटी जडसंग्रहाला. बाकी सगळं, काचेच्या भिंगांसकट, खपणाऱ्या साहित्याच्या नोंदवहीला, खडू आणि लिटमस कागदाच्या रांगेत. वापरताना फुटलं तर वसुली नाही, हे वाक्य ठरावात स्पष्ट घातलं आणि त्याची प्रत सरांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली, घडी करून खिशात ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी पेट्या प्रयोगशाळेत गेल्या. किल्ली खिळ्याला असते.

मग पहिल्याच आठवड्यात दहावीच्या पोरांना खिडकीशी उभं करून भिंगाने बाहेरचं दृश्य कागदावर घ्यायला लावलं. एसटी स्टँडकडे जाणारा रस्ता, पिंपळ, समोरचं झेरॉक्सचं दुकान, सगळं उलटं आणि बोटभर. एक मुलगी कागद मागेपुढे करत राहिली, दुकानाची पाटी स्पष्ट झाली तशी पट्टी लावून अंतर मोजलं आणि पेटीवर छापलेल्या नाभीय अंतराशी ताडून बघितलं. नंतर तिने कागदाच्या मागच्या बाजूने मान उलटी करून पाटी सरळ वाचली. सर बाजूला उभे, काही बोलले नाहीत. प्रयोगवहीत हा प्रयोग याआधीही दरवर्षी असायचा, निरीक्षणांच्या तक्त्यासकट, गाईडमधून उतरवलेला.

उलटी बाजूही सांगते. आमच्याकडे शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून आलेला एक तरुण शिक्षणसेवक आहे. त्याला पॅनेल पहिल्या तासाला जमलं, आमच्या मोबाइलच्या अडचणीही तोच सोडवतो. अहवालात तो 'तंत्रस्नेही'. आणि त्याच्या वर्गात आम्ल-आम्लारीचा प्रयोग पडद्यावर चालला होता: व्हिडिओतल्या हाताने लिटमस बुडवला, व्हिडिओतला कागद लाल झाला, पोरांनी 'लाल' असं वहीत लिहिलं. लिटमस खालच्या मजल्यावर पेटीत. स्टाफच्या बैठकीत नियम केला, जे पेटीत आहे ते आधी हातात, व्हिडिओ नंतर. तो थोडा हिरमुसला, पण आता त्याचे तास मला जास्त आवडतात. तेव्हा कोण सुधारणेला विरोध करतो आणि कोण साथ देतो, हे कंपनीच्या डॅशबोर्डवरून ठरवू नका.

प्रशिक्षणाबद्दल काय लिहू. शनिवार दुपार आणि अख्खा रविवार. सुट्टीचा दिवस गेला इथेच निम्मे मोहरे पडले. आलेला ट्रेनर इंजिनिअर, हुशार, नम्र, पण वर्गावर एकदाही उभा न राहिलेला. पहिल्या स्लाइडवर 'पारंपरिक पद्धत कालबाह्य' असं होतं, आणि समोर ज्यांनी याच गावात निम्म्या घरांतली पोरं शिकवली ते बसलेले. सरांनी एकच प्रश्न विचारला: वर्गात साठ मुलं, पस्तीस मिनिटांचा तास, पेट्या दोन, साहित्य वाटायचं कधी, गोळा करायचं कधी आणि शिकवायचं कधी? उत्तर आलं, 'सर, ते तुम्ही ॲडजस्ट करू शकता.' त्यानंतर उरलेला सगळा वेळ सगळे फक्त चहाची वाट बघत होते. शेवटी गुगल फॉर्म, ग्रुप फोटो, प्रमाणपत्र.

ट्रेनरला ठाऊक नव्हतं ते असं, की शिक्षकाच्या लेखी तंत्रज्ञान म्हणजे कुणीतरी काहीतरी मागणं. यू-डायस प्लसवर शाळेची माहिती भरा, मुलांचे अपार आयडी तयार करा, आधारवरचं नाव आणि दाखल्यावरचं नाव जुळत नाही तर पालकांना बोलवा, लिंक आज पाचपर्यंतच सुरू. रात्री अकराला सर्व्हर चालतो म्हणून रात्री अकराला जागणारी माणसं ही. त्यांना स्क्रीन दाखवून 'तुमचं काम सोपं होणार' म्हटलं तर ती हसणारच.

शिवाय प्रत्येकाला आधीची लाट आठवते. २०१५ च्या जूनमध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्रचा शासन निर्णय आला आणि ज्ञानरचनावाद, म्हणजे मुलाने करून बघत स्वतः शिकायचं, तो गावोगाव पोचला. साताऱ्याचं कुमठे बीट, म्हणजे तिथल्या शाळांचा गट, बघायला गाड्या भरून शिक्षक गेले. माझे यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेत. त्यांनी वर्गाची फरशी पदरच्या पैशाने रंगवून घेतली, अंकांच्या पट्ट्या, अक्षरांचे गोल, सगळं. काम उत्तम होतं, मुलं खरंच जमिनीवर बसून वाचायला लागली. पुढे साहेब बदलले, तपासणीचे तक्ते बदलले, त्या फरशीबद्दल विचारणारं कुणी उरलं नाही. रंग अजून आहे. नवीन काही आलं की ते म्हणतात, 'बघू, दोन वर्षं टिकतंय का.' याला मी विरोध म्हणत नाही, हा अनुभव आहे.

होशंगाबादचा कार्यक्रम १९७२ ते २००२ चालला, हजारावर शाळांत पोचला, आणि बंद पडला तो सरकारी आदेशाने, शिक्षकांनी टाकून दिला म्हणून नाही. तिथे पेटी होतीच, पण पेटीबरोबर दर महिन्याला शिक्षकांची बैठक होती आणि परीक्षाही बदललेली होती, पुस्तक उघडून लिहायची आणि प्रयोग करून दाखवायची. आमच्या पॅकेजमध्ये पेटी तेवढी होती, बाकीचं आम्ही जमेल तसं जोडलं. वेळापत्रकात नववी-दहावीला आठवड्यातून एक जोडतास दिला. त्यासाठी शारीरिक शिक्षणाच्या सरांशी भांडण झालं, ते अजून मिटलेलं नाही. नववीच्या घटक चाचणीत धाराविद्युतच्या पाठावर एक प्रश्न असा टाकला की परिपथ स्वतः जोडल्याशिवाय उत्तर येऊ नये. बोर्डाची ८० गुणांची लेखी आपल्या हातात नाही, अंतर्गत २० आहेत. तो प्रश्न छापून आल्यावर दुसऱ्या तुकडीच्या मॅडमनी न सांगता पेटी मागून नेली.

संस्कृतच्या बाईंनी पॅनेलला आजतागायत हात लावलेला नाही. त्यांचा वर्ग मी बाहेरून ऐकते, सुभाषित चालीवर म्हणताना सगळी पोरं एका सुरात असतात. त्यांना मी काही म्हणणार नाही.

घ्यायचं असेल तर पॅनेल आणि पेटी वेगवेगळ्या ठिकाणाहून घ्या, एकत्र घेतल्याने सवलत मिळते म्हणतात पण आशयाच्या वर्गणीत ती परत जाते. एका वर्गाला किमान पाच पेट्या लागतात, दोनवर भागत नाही. पैसे कमी असतील तर पॅनेल लहान घ्या. प्रशिक्षणाची रक्कम कोटेशनमधून वजा करून मागा. सहसा करून देतात. विक्रीनंतरची सेवा बरी आहे: पॅनेलचा टच बिघडला तेव्हा सांगलीहून माणूस तिसऱ्या दिवशी आला आणि पैसे घेतले नाहीत.

सुट्या वस्तूंचं मात्र अवघड आहे. क्रोकोडाईल क्लिप आणि बल्ब होल्डर सुटे मिळतील का म्हणून मेल केला, तर अख्ख्या नवीन पेटीचं कोटेशन आलं. परत विचारलं तर तेच कोटेशन पाच टक्के सवलतीसह. शेवटी सरांनी मिरजेत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून क्लिप डझनाच्या भावाने आणल्या, शिक्षणसेवकाने प्रयोगशाळेत बसून सोल्डर केल्या, आणि लिपिकांनी बिल खपणाऱ्या साहित्याला टाकलं.